एकही तक्रार नाही

तारीख 13 मार्च 1897, शनिवार. पुण्यातल्या एका वाड्याच्या ओसरीवर तुम्ही उभे आहात. ऊन अजून चौकात उतरलेलं नाही. हौदापाशी रात्री दोन उंदीर पडले होते. कुणीतरी ते काठीने दाराबाहेर ढकलून वर राख टाकली आहे. आधी उंदीर पडतात, मग माणसं पडतात, हे आता पेठेतल्या पोरासोरांनाही ठाऊक झालं आहे. असं का होतं, हे मात्र या शहरात कोणालाच माहीत नाही.

तुम्हाला माहीत आहे. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग अंगात उतरतो. पण पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत हे पुढच्या वर्षी, 1898 साली दाखवणार आहे. आज तुम्ही ते ओरडून सांगितलंत तरी कोणी ऐकणार नाही. आजची समजूत अशी की रोग जमिनीत, अंधारात, ओलीत, कपड्यांत असतो. म्हणून फरशा उखडल्या जात आहेत, कौलं उतरवली जात आहेत, भिंतींना चुना फासला जात आहे आणि रस्त्यात अंथरुणांच्या होळ्या पेटल्या आहेत.

माजघरामागच्या कोठीच्या खोलीत आठ वर्षांचा एक मुलगा पडून आहे. परवापासून ताप, आणि काल रात्री काखेत गाठ आली. त्याच्यावर गोधडी टाकून पुढे डाळीची पिंपं ओढून ठेवली आहेत. मुलाची आत्या दारात येते, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून.

“अहो, तुम्हाला ते विचारतील. तुम्ही पाहुणे, तुमचं खरं वाटेल त्यांना. नाही म्हणून सांगा.”

“पण आत्याबाई, वाड्यात आणखी दोन बिऱ्हाडं आहेत. त्यांची मुलं...”

“संगमावरच्या इस्पितळात गेलेला कोणी परत आलेला पाहिलात तुम्ही? मरायचंच असेल तर आईच्या मांडीवर मरू दे त्याला.”

बाहेर बुटांचे आवाज येतात. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे सोजीर, बरोबर एक देशी माणूस दुभाष्या म्हणून. आजपासून शहरात घरझडती सुरू झाली आहे. प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती या कामाला आठशेहून जास्त माणसं आहेत. सोजीर बुटांसकट ओसरी चढतात. एक जण देवघरात डोकावतो, दुसरा स्वयंपाकघरात जाऊन चुलीशी वाकतो. दुभाष्या तुमच्यासमोर येऊन उभा राहतो.

“घरात कोणी आजारी आहे?”

हा क्षण इथेच थांबवा. उत्तर द्यायच्या आधी बरोबर शंभर वर्षं मागे जा. 1797 साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गमध्ये 73 वर्षांचे इमॅन्युएल कांट नेमक्या याच प्रश्नावर एक छोटा लेख लिहीत आहेत. खुनी दाराशी आला आणि घरात लपलेल्या तुमच्या मित्राबद्दल विचारू लागला, तर खोटं बोलावं का? बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाचं म्हणणं, बोलावं. खुन्याला सत्यावर हक्क नाही. कांट म्हणतात, नाही. खरं बोलणं हे कर्तव्य आहे आणि त्याला अपवाद नाही, कारण अपवाद करायला लागलं की कोणाच्याच शब्दावर विसंबता येणार नाही. तुम्ही त्यांच्या टेबलासमोर उभे आहात आणि तुमच्या डोळ्यांसमोर ती डाळीची पिंपं आहेत. पण याच कांटनी बारा वर्षांपूर्वी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती: माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये, त्याच्यात एक प्रतिष्ठा असते आणि तिची किंमत करता येत नाही. पुण्याच्या रस्त्यात उभं करून जिची काख आणि जांघ तपासली जाते, त्या बाईची प्रतिष्ठा कोणी मोजली? एकाच तत्त्वज्ञाचे दोन विचार तुम्हाला दोन दिशांना ओढत आहेत.

आता लंडनला या, 1858 पूर्वीच्या कुठल्याही कामाच्या दिवशी. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत जॉन स्टुअर्ट मिल हिंदुस्थानला जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे तपासत बसले आहेत. सतराव्या वर्षी ते इथे चिकटले आणि पस्तीस वर्षं राहिले. उपयुक्ततावाद मराठी वाचकाला पुस्तकी वाटतो, पण त्याचा सर्वांत मोठा प्रवक्ता आयुष्यातला मोठा काळ आपल्याच देशाच्या कारभाराची कागदपत्रं लिहीत होता. या वादाचे प्रवर्तक, इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथॅम यांनी शिकवलेला हिशेब साधा: ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करावं, आणि मोजताना राजा असो की रंक, प्रत्येकाला एकच धरावं. हा विचार त्या काळात क्रांतिकारक होता आणि मला तो आजही आदरणीय वाटतो. साथीच्या वेळी जो माणसं मोजत नाही, तो माणसं मरू देतो. पण 1859 सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात मिलनी एक दार बंद करून घेतलं. हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांसाठी नाही, तिथे सुधारणेच्या हेतूने केलेली हुकूमशाही चालेल, असं त्यांनी लिहिलं. रँड यांच्या पिढीचे सिव्हिलियन याच विचारांच्या हवेत वाढले. भलं कशात आहे हे आम्ही ठरवू. तुम्हाला विचारायची गरज नाही.

परत ओसरीवर या. दुभाष्या अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

तुम्ही “नाही” म्हणता. माझ्या मते त्या दिवशी पुण्यातल्या बहुतेकांनी हेच उत्तर दिलं असतं, आणि ते चुकीचंही होतं. शेजारच्या बिऱ्हाडांना कळायला हवं होतं. रोग फुफ्फुसात उतरला असता तर खोकल्यातून वाडा भरला असता. तरीही त्या खोट्याचा सगळा भार तुमच्या आणि आत्याबाईंच्या माथी मारायला मी तयार नाही. ज्याने खरं बोलणं धोक्याचं करून ठेवलं, त्याचा वाटा त्यात मोठा आहे. खरं सांगितलं असतं तर मुलगा एकटा इस्पितळात गेला असता, घरची माणसं स्वारगेटच्या छावणीत गेली असती, घर उघडं पडलं असतं, आणि परत आल्यावर भांडी जागेवर असतील की नाही याची खात्री कोणी दिली नसती. शिवाय फरशा उखडल्या की उंदीर शेजारच्या वाड्यात पळत होते. ज्या भल्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते भलंही त्यातून पुरतं साधत नव्हतं.

19 मेला मोहीम थांबते. मग रँड यांचा अहवाल तयार होतो. तुम्ही कचेरीत त्यांच्या खांद्यावरून वाचू शकता. बायकांच्या अब्रूवर जाणूनबुजून हात टाकल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा फौजेच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, ही समाधानाची बाब असल्याचं ते लिहितात. माणूस खोटं लिहीत असेल असं मला वाटत नाही. तक्रार बहुधा खरोखरच आली नसेल. कोणाकडे येणार होती? ज्याच्या सोजिराबद्दल सांगायचं, त्याच्याच अधिकाऱ्याच्या दारात? आणि आपल्या बाईचं नाव घेऊन? माझा सगळा लेख या एका शून्याबद्दल आहे. नीतीचा कुठलाही हिशेब, बेंथॅमचा असो की कांटचा, इथे येऊन फसतो. ज्याच्यावर निर्णय कोसळतो त्याला बोलायला जागाच नसेल, तर त्याचं मौन संमती म्हणून नोंदलं जातं.

आता घरझडती सुरू होण्याच्याही काही दिवस मागे चला. शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात. लष्करी नोकरीतून आलेल्या डॉ. यशवंत फुल्यांनी मोकळ्या माळावर दवाखाना उघडला आहे. आई सावित्रीबाई 66 वर्षांच्या आहेत. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाडांचा मुलगा पांडुरंग आजारी असल्याचं त्यांना कळतं. त्या तिथे जातात, मुलाला पाठीवर घेतात आणि चालत दवाखान्यात आणतात. तुम्ही त्यांच्या मागून चालत आहात. ऊन आहे, मुलाचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं आहे, त्याचा तापलेला श्वास त्यांच्या मानेवर पडतो आहे. एक गोष्ट नीट पाहा: इथे कोणी मुलाला पिंपांमागे लपवलं नाही. आलेली बाई कोण आहे, हे त्या वस्तीला माहीत होतं.

ॲरिस्टॉटल म्हणत की सद्गुण ऐनवेळी सुचत नाही, तो हाडीमाशी मुरावा लागतो. धैर्याची कामं करून करूनच माणूस धैर्यवान होतो. सावित्रीबाईंचा तो रियाझ 1848 सालच्या मुलींच्या शाळेपासून चालू होता. मग विधवांच्या बाळांसाठी काढलेलं बालहत्याप्रतिबंधक गृह आलं, 1877 च्या दुष्काळातली अन्नछत्रं आली. यशवंत हा त्याच गृहात जन्मलेला, त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा. 1982 साली अमेरिकेत कॅरोल गिलिगन यांनी मांडलं की न्यायाच्या तराजूइतकीच नात्याची, काळजीची भाषाही नीतीची भाषा असते, आणि तत्त्वज्ञांनी ती फार काळ ऐकली नाही. मुंढव्याच्या रस्त्यावर ती कोणीही ऐकू शकलं असतं. मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाई 10 मार्चला प्लेगने गेल्या, घरझडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी.

तरीही एवढ्यावर थांबता येणार नाही. एक लाखाहून जास्त वस्तीचं शहर कोणी पाठीवर वाहू शकत नाही. त्याला इस्पितळं लागतात, कायदा लागतो, मोजणी लागते. टिळकांनीही शहर सोडलं नाही. त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभं केलं आणि रुग्ण वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. वाद होता तो कसं करायचं आणि कोणाच्या हातून करायचं, याचा.

मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात तुम्ही क्षणभरच थांबा. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. टोचलेल्यांत मृत्यू कमी झाले. स्वतःच्या दंडापासून सुरुवात करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या कैद्याच्या डोळ्यांत पाहा आणि विचारा, त्याने “नको” म्हटलं असतं तर चाललं असतं का? हा प्रश्न जगाने नियमात बांधला तो थेट 1947 साली, न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर.

22 जूनची रात्र. गणेशखिंडीत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई आहे. गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या गाड्यांवर चापेकर बंधू गोळ्या झाडतात. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मरतात, रँड 3 जुलैला. ज्या शहराला तक्रार करायला जागा दिली नाही, त्या शहरात ती अखेर पिस्तुलातून बाहेर आली. यामुळे आयर्स्ट यांच्या मृत्यूचा प्रश्न सुटत नाही, आणि तो सोडवल्याचा आव मी आणणार नाही.

त्यानंतरचा एक प्रसंग मला या साऱ्या वर्षातला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याची आठवण कमी काढली जाते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा 31 वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती: सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले, त्यातल्या एकीने जीव दिला. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जगापुढे मांडलं. पार्लमेंटात खळबळ झाली, सरकारने इन्कार केला, पुरावा मागितला गेला.

जुलैच्या अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईला लागते. तुम्ही त्यांच्याबरोबर उतरा. वातावरण बदललं आहे. टिळकांना 27 जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं आहे. नातू बंधूंना खटल्याविना उचललं आहे. ज्यांनी पत्रं लिहिली ते मित्र आता म्हणतात, आमचं नाव सांगू नका. ज्या घरात घडलं त्या घरातलं कोणी पुढे येत नाही. गोखल्यांपुढे तीन वाटा आहेत. पत्रलेखकांची नावं द्यावीत आणि त्यांना तुरुंगात पाठवावं. आरोप तसाच ठेवावा, पुराव्याशिवाय. किंवा माफी मागावी.

कांटना विचारलंत तर मित्रांना दिलेला शब्द मोडू नका म्हणतील, आणि सिद्ध करता येत नाही ते खरं म्हणून सांगू नका असंही म्हणतील. मिलकडे गेलात तर देशकार्याला काय परवडेल याचा हिशेब करायला सांगतील. तुम्ही रात्रभर गोखल्यांशेजारी बसलात तरी मदत करू शकणार नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला गोखले गव्हर्नरची आणि फौजेची बिनशर्त माफी मागतात, नावं स्वतःपाशी ठेवून. पुण्यात त्यांना भित्रे म्हटलं गेलं आणि तो डाग त्यांना अनेक वर्षं सोसावा लागला. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. जे सिद्ध करता येत नाही ते त्यांनी परत घेतलं, ज्यांनी विश्वास टाकला त्यांना वाचवलं आणि किंमत एकट्याने भरली. पण त्या दोन स्त्रियांचं काय झालं, हे आता कधीच कळणार नाही. रकान्यात पुन्हा शून्यच राहिलं.

आणखी एकच थांबा, 1910 च्या हिवाळ्यातला. मंडालेच्या तुरुंगात लाकडी खोलीत टिळक शिसपेन्सिलीने वह्या भरत आहेत. दौत-टाक द्यायला परवानगी नाही. 1903 साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला आहे. ‘गीतारहस्या’त ते मिल आणि स्पेन्सर या इंग्लिश तत्त्वज्ञांशी वाद घालत आहेत. अमेरिकेतल्या एका शहराचं उदाहरण ते घेतात: ट्रामच्या परवानगीला उशीर होतो, व्यवस्थापक लाच देतो, ट्राम लवकर सुरू होते, साऱ्यांचं भलं होतं. मग ते कृत्य चांगलं का? टिळकांचं उत्तर, नाही. बाहेरचं फळ पुरेसं नाही, करणाऱ्याची बुद्धी शुद्ध आहे का ते पाहा. (नीतीच्या वर्गात आज शिकवली जाते ती सुटलेली ट्राम, पाच माणसं वाचवायला एकावर घालावी की नाही, ती फिलिपा फुट यांनी 1967 साली रुळावर आणली.) टिळकांचा आक्षेप अचूक आहे. पण मंडालेच्या त्या खोलीत बसूनही मला रँड आठवतात. आपण शहर वाचवतो आहोत असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असण्याची शक्यता आहे. फळ पाहून भागत नाही हे टिळकांनी दाखवलं. हेतू पाहूनही भागत नाही, हे पुण्याने आधीच दाखवलं होतं.

आणि आता तुमच्या स्वतःच्या काळात या. मार्च 2020. महाराष्ट्रात डाव्या हाताच्या पाठीवर, निवडणुकीच्या शाईने, घरी विलग राहणाऱ्याचा शिक्का मारला जात आहे. त्याच शाईमुळे रेल्वेतल्या माणसाला सहप्रवासी डब्यातून उतरवत आहेत. 24 तारखेच्या रात्री आठला घोषणा होते आणि बाराला देश बंद होतो. चार तास.

जॉन रॉल्स यांनी 1971 साली एक कसोटी सांगितली: समाजाचे नियम ठरवताना असं समजा की आपण कोण म्हणून जन्मणार हे आपल्याला माहीत नाही. मग जालन्याच्या पोलाद कारखान्यातल्या मजुराच्या जागी बसा. काम बंद, पगार बंद, खोलीचं भाडं चालू, गाव मध्य प्रदेशात. तुम्ही मे महिन्यात रुळांवरून चालायला लागता, कारण रस्त्यावर पोलीस आहेत. गाड्या बंद आहेत असं समजून करमाडजवळ रुळांवरच झोपता. 8 मेच्या पहाटे मालगाडी येते. सोळा जण जातात. रुळांमध्ये त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या; ते छायाचित्र तुम्ही पाहिलं आहे. चार तासांची मुदत ठरवताना त्या टेबलाशी या माणसाच्या जागी बसून कोणी विचार केला असता, तर ती मुदत चार तासांची राहिली असती असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी धारावीत काही वेगळंही घडलं. सक्ती तिथेही होती, दहा बाय दहाच्या खोलीतून माणसांना विलगीकरणात नेलंच गेलं. पण वस्तीत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणारे डॉक्टर दारोदारी तपासायला बरोबर होते आणि नेलेल्यांना जेवण मिळत होतं. ओळखीच्या डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो. 1897 सालच्या वाड्यात हेच झालं असतं तर पिंपं ओढावी लागली नसती.

ज्या कायद्याने पुण्यात झडत्या झाल्या, तो 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा होता. 2020 साली तोच वापरला गेला. मुळात तो जेमतेम चार कलमांचा होता. सरकार काय करू शकतं ते त्यात आहे, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं संरक्षण आहे. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा आली, आणि ते योग्यच झालं. ज्याला घरातून उचलून नेलं जातं त्याने कोणाकडे दाद मागायची, त्याच्या मागे राहिलेल्यांना काय मिळायचं, याची स्पष्ट तरतूद मात्र कायद्यात नाही. हा कायदा अपुरा आहे असं विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मधल्या आपल्या 286 व्या अहवालात सांगितलं आहे. नवा कायदा होईल तेव्हा त्याचा मसुदा मागून घ्या, आणि त्यात तक्रारीचं कलम आहे का, ते सर्वांत आधी पाहा.